'बसलो' की 'बाद झालो'?

पसरणीकर
एका दिवाळी अंकाला फेब्रुवारीतल्या पॅराग्लायडिंगच्या क्रॉस-कंट्री स्पर्धेवर लेख दिलाय. पाचगणीवरून उड्डाण, वैराटगडाला वळसा, पाचवडच्या पुढे 'गोल', म्हणजे पोचायचं ठिकाण. माझं वाक्य असं होतं : 'वैराटगडाच्या अलीकडे लिफ्ट संपली आणि मी बावधनच्या शिवारात बसलो.' मुद्रितं आली तर 'बसलो'च्या जागी 'स्पर्धेतून बाद झालो'! संपादकांना फोन केला, तर म्हणाले, बसलो म्हणजे काय, दमला होतात का? पण बाद झालो हे धादांत खोटं आहे. गोल गाठला नाही तरी जिथवर गेलो तेवढ्या अंतराचे गुण मिळतात. इंग्रजीत याला 'लँड आउट' म्हणतात. मराठीत काय लिहू?

शब्दखोड
'बाह्यावतरण'. कर्ता बाह्यावतरित.

विंगओव्हर
दोन्ही हात ब्रेकच्या दोऱ्यांवर असताना रेडिओवर एकदा म्हणून दाखवा. आम्ही सगळे 'बसला'च म्हणतो. 'अमुक कुठाय?' 'बसला भुईंजला.' गाडी घेऊन न्यायला येणाऱ्यालाही तेवढंच कळावं लागतं.

मिरजेचा तंबोरा
'बसलो' बरोबर आहे. माझे मामा कबुतरं उडवायचे. पैज कुणाचं कबूतर जास्त वेळ हवेत राहतं याची. 'बसलं' म्हटलं की घड्याळ थांबलं. त्यात बाद वगैरे काही नाही, जेवढा वेळ उडालं तेवढा वेळ त्याचा.

कृष्णाकाठची
साधं 'उतरलो' का नको?

पसरणीकर
ताई, उतरतात तर गोलवरही. मला न पोचता उतरलो हे एका शब्दात हवंय.

माणदेशी
मला 'बसलो'पेक्षा 'लिफ्ट संपली' जास्त खटकलं. वाचकाला वाटेल वीज गेली.

पसरणीकर
पण सगळा खेळच तिच्यावर आहे. पाचगणी साधारण 1,300 मीटरवर, वाई 700 च्या आसपास. ग्लायडर एक मीटर खाली येताना नऊ-दहा मीटर पुढे जातो. म्हणजे नुसतं घरंगळत गेलं तर पाच-सहा किलोमीटरमध्ये खेळ खलास. पुढे जायचं तर वर चढणारी गरम हवा, म्हणजे थर्मल, शोधायची, तिच्यात घिरट्या घालत उंची कमवायची आणि ती पुढच्या थर्मलपर्यंत खर्चायची. नांगरलेलं काळं रान लवकर तापतं, भिजलेला ऊस तापत नाही. त्यामुळे वरून आम्ही फक्त कुणाचं रान नांगरलंय ते बघत असतो. घार फिरताना दिसली तर देव पावला.

शब्दखोड
थर्मलला 'ऊर्ध्वप्रवाह' म्हणावं. भूगोलात 'आरोह पर्जन्य' शिकलोच की आपण. ज्या वाईत विश्वकोशाचं काम झालं, तिथल्या माणसाने 'लिफ्ट' लिहावं?

विंगओव्हर
विश्वकोशवाले जमिनीवर बसून लिहीत होते, काका.

माणदेशी
आमच्या आजीला शब्द माहीत होता : वावटळ. उन्हाळ्यात पडीक रानात पाचोळा गरगरत वर जातो, तो तुमच्या थर्मलचा बुडखाच ना? आजी त्यावर थुंकायची, आत भूत असतं म्हणून. 'वाव' म्हणजे वारा. त्यावरूनच वावडी, म्हणजे पतंग.

शब्दखोड
'वात' आणि 'आवर्त' मिळून वावटळ. वावडीचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

माणदेशी
आणि 'वावधान'? वादळी वाऱ्याला म्हणतात ते? तेही योगायोगाने का?

विंगओव्हर
व्युत्पत्ती काहीही असो, वावटळ जमिनीजवळ दिसली तर आम्ही लांब पळतो. उतरताना तिच्यात सापडलो तर ग्लायडरचं कापडी छत मिटतं. थर्मल हवा, वावटळ नको. दोन शब्द लागतीलच.

कृष्णाकाठची
तुम्ही छत, कॅनोपी, विंग काय ते म्हणा, आमच्या वाडीत त्याला छत्रीच म्हणतात. 'छत्री पडली' अशी आरोळी आली की पोरं शाळेतूनसुद्धा पळतात.

पसरणीकर
हो, आणि 'पडली'च म्हणतात. त्या दिवशी शाळू काढलेल्या रानात उतरलो. सगळ्या दोऱ्या धसकटांत अडकलेल्या, एकेक सोडवत बसलो होतो. पलीकडे हळद शिजत होती, तिच्या धुरावरून वारा बघूनच आलो होतो. तिथले मालक आले, घटकाभर बघत राहिले आणि म्हणाले, 'आवं पावनं, पडलासा का उतरलासा?' उतरलो म्हटल्यावर, 'मग हितंच का?'

मिरजेचा तंबोरा
यापुढे संपादकांची काय टाप! हाच संवाद टाका लेखात.

शब्दखोड
बोली कथेत शोभते. लेखाला परिभाषा लागते. सावरकरांनी 'महापौर' दिला तेव्हाही लोक हसले असतील, आज मेयर कोण म्हणतं?

विंगओव्हर
ठीक, मग 'स्टार्ट सिलिंडर'ला, म्हणजे स्पर्धा जिथून सुरू होते त्या हवेतल्या हद्दीला, द्या शब्द. सुरुवातीची वेळ होईपर्यंत सगळे त्याच्या हद्दीवर घोळक्याने फिरत असतात. पहिला ज्या दिशेने वळला त्याच दिशेने बाकीच्यांनी फेर धरायचा, नाहीतर टक्कर. 'वर्तुळ' म्हणू नका, नकाशावर वर्तुळ दिसलं तरी ते वरपर्यंत उभं असतं.

शब्दखोड
दंडगोल. शाळेच्या भूमितीतला शब्द आहे.

विंगओव्हर
हा आवडला, घेतला. पण गोललाही सिलिंडर असतो. त्याला काय, 'गोल दंडगोल'?

कृष्णाकाठची
😂 गोल दंडगोल! चौकोनी पण मिळतो का?

शब्दखोड
'गोल'साठी 'लक्ष्य' हा शब्द मराठीत आहे. वापरायची लाज वाटते तेवढीच.

माणदेशी
लक्ष्यबिक्ष्य नंतर बघू. वावधानाचं उत्तर अजून आलेलं नाही.