तान्ह्या पोळ्याला पोरांना 2019 चा इटालियन ‘पिनोकिओ’ दाखवू का?

प्रतापनगरची ताई:
नमस्कार मंडळी. आमच्या नागपूरच्या कॉलनीत तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, नंदीबैलांची स्पर्धा झाली, बोजारा (मुलांना द्यायचा खाऊ-पैसा) वाटून झाला की संध्याकाळी हॉलमध्ये मुलांना एक सिनेमा दाखवतो. यंदा निवड माझ्याकडे आहे. लाकडी बैलांचा सण आहे तर लाकडी पोराची गोष्ट दाखवावी, असं मनात आलं. दिग्दर्शक मातेओ गारोनेचा ‘पिनोकिओ’ मी आधी स्वतः बसून पाहिला आणि मला फार आवडला. पण कमिटीतल्या दोघीतिघींनी मोबाइलवर मधलामधला पाहिला आणि आता म्हणून राहिल्या की हा लहान मुलांचा सिनेमा नाहीच. पिनोकिओला झाडाला फाशी देतात, तो गाढव झाल्यावर त्याला पाण्यात ढकलतात, सगळं मळकट आणि अंधारं. त्यापेक्षा कार्टून लाव, नाहीतर फाशीचा तुकडा तरी काढून टाक.

मुलं सहा ते बारा वर्षांची आहेत. तो तुकडा काढायचा का? शिवाय सिनेमा इटालियन, आमच्या पोरांना इंग्रजी पाट्याही भराभर वाचता येत नाहीत. ज्यांनी मुलांसोबत पाहिला आहे त्यांनी सांगा.

मनीषनगरचा बाबा:
आम्ही घरी पाहिला. मुलगी सात वर्षांची. फाशीच्या वेळी माझा हात धरून बसली, पण पाहत राहिली. रडली ती गाढवाच्या वेळी. सिनेमा संपल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, पिनोकिओसोबत गाढव झालेल्या त्या दुसऱ्या मुलाचं काय झालं, तो गाढवच राहिला का? आम्ही त्यावर रात्री जेवताना बराच वेळ बोललो. माझं मत, दाखवा. फक्त अगदी लहान असतील ते आईबाबांजवळ बसू द्या.

महालचा रंगभूषावाला:
ताई, दाखवा. अन् पूर्ण दाखवा, काहीही कापू नका.

मी रंगभूषा करतो. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांच्या मुलखात, वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही असा फिरतो. एरवी नागपुरात बालनाट्यं अन् शाळांची गॅदरिंगं असतात. म्हणून आधी चेहऱ्याचं बोलतो, कारण या सिनेमाचा जीव त्या चेहऱ्यात आहे.

पिनोकिओ झालेला मुलगा फेदेरिको इएलापी. हाडामांसाचं पोरगं आहे, कॉम्प्युटरवर काढलेलं नाही. मार्क कूलिये नावाच्या इंग्लिश रंगभूषाकारानं त्याच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर सिलिकॉनचे तुकडे बसवून लाकूड उभं केलं. रोज तीन-चार तास ते पोरगं खुर्चीत बसायचं. आमच्याकडे शाळेतल्या पोराला वाघाच्या मिशा काढायच्या तर पाच मिनिटं चेहरा स्थिर राहत नाही, नाकच खाजवतो. तेव्हा त्या पोराचं कौतुक किती करावं! आता जवळून पाहा. कपाळावर लाकडाच्या शिरा आहेत, गालावर बारीक तडे आहेत, बोटांना सांधे आहेत. पण डोळे त्याचेच, ओले, जिवंत. रंगभूषावाल्याची परीक्षा तिथंच असते. मुखवटा कितीही देखणा असू द्या, त्याच्याखाली नट मेला तर काम वाया गेलं. इथं नट मेलेला नाही. पोरगं रुसतं तेव्हा लाकूड रुसल्यासारखं दिसतं.

बाकीचेही तसेच. गोगलगाईच्या रूपातली ती दाई हळूहळू चालते अन् मागे चिकट ओल सोडत जाते. न्यायाधीश गोरिला आहे. माशाच्या पोटात माणसाच्या तोंडाचा टूना मासा भेटतो. यातलं बरंचसं माणसाच्या अंगावर केलेलं काम आहे, कॉम्प्युटर लागेल तिथं मदतीला. हे चेहरे कुठून आले, तेही सांगतो. 1883 साली कार्लो कोल्लोदी यांचं मूळ पुस्तक निघालं त्यात एन्रिको मात्सांती यांची चित्रं होती. गारोने त्या चित्रांकडे परत गेला. त्यानं सहा वर्षांचा असताना पिनोकिओची चित्रगोष्ट काढली होती, म्हणजे हे वेड लहानपणापासूनचं. 2021 च्या ऑस्करला हा सिनेमा रंगभूषा आणि वेशभूषा अशा दोन विभागांत नामांकित होता. मिळालं नाही, पण इटलीच्या दाविद दी दोनातेल्लो पुरस्कारांत पाच आले.

आता भीतीचं. कमिटीतल्या ताईंना सांगा की फाशीचा प्रसंग दिग्दर्शकानं घुसवलेला नाही. कार्लो कोल्लोदी यांनी ही गोष्ट 1881 च्या जुलैपासून मुलांच्या एका साप्ताहिकात क्रमशः लिहिली, अन् पंधराव्या प्रकरणात पिनोकिओला मोठ्या ओक झाडाला लटकवून ती संपवून टाकली होती! वाचणारी पोरं अन् संपादक मागे लागले, म्हणून फेब्रुवारी 1882 ला ती पुन्हा सुरू झाली. निळ्या केसांची परी त्याला झाडावरून सोडवते, ती या पुढच्या भागात. खोटं बोलल्यावर नाक वाढतं तेही पुढच्याच भागात. म्हणजे पोरांनी हट्ट धरला नसता तर आज साऱ्या जगाला माहीत असलेलं ते नाक राहिलंच नसतं. त्या काळच्या पोरांनी फाशी वाचली अन् ‘पुढे काय’ विचारलं. आपली पोरं काहून विचारणार नाहीत?

अन् आपली पोरं त्या दिवशी सकाळी काय पाहून येतात, तेही ध्यानात घ्या. तान्हा पोळा अन् मारबत, म्हणजे इडापीडा नेणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची नागपूरची मिरवणूक, एकाच दिवशी. पिवळी मारबत 1885 पासून निघते, कोल्लोदींचं पुस्तक आल्यावर दोनच वर्षांनी. माझ्या बाबांच्या खांद्यावर बसून मी काळी मारबत पाहिली आहे. मोठाले डोळे, बाहेर आलेली जीभ, अन् सगळा रस्ता ओरडून राहिला, ‘इडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!’ मग तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. मी घाबरायचो, बाबांचे केस घट्ट धरायचो, अन् पुढच्या वर्षी पुन्हा न्या म्हणून मागे लागायचो. इतवारीत आजही तेच दिसते. आपण मोठी माणसं पोरांना मारबत पाहायला नेतो, कारण शेवटी ती जाते हे पोराला दिसते. या सिनेमातही फाशीनंतर परी येते, गाढव झाल्यावर पुन्हा पोरगं होते, माशाच्या पोटातून बाप-लेक बाहेर येतात. फाशी कापली तर परीच्या येण्याला काही अर्थच उरत नाही. मग ती निळ्या केसांची एक बाई, उगीच येऊन जाते.

राहिलं ‘मळकट’. हो, मळकट आहे, कारण गोष्ट भुकेची आहे. सुरुवात पाहा. पिनोकिओला घडवणारा सुतार जेपेट्टो चीजच्या सालीला पटाशीनं खरवडून शेवटचा कण खातो. मग खाणावळीत जातो. सरळ भीक मागत नाही. या टेबलाचा पाय डगमगते, हे दार नीट लागत नाही, ही खुर्ची मी दुरुस्त करून देतो, असं म्हणत फिरते. टेबल चांगलं आहे हे मालकाला कळते, अन् भूक आहे हेही कळते. जेपेट्टो झालेल्या रॉबेर्तो बेनिनीनं हा प्रसंग असा केला आहे की हसूही येते अन् गळाही दाटते. कामाचा माणूस काम शोधत फिरून राहिला, हे आपल्या विदर्भातल्या कुठल्या पोरानं पाहिलं नाही? मग तोच जेपेट्टो पोराच्या शाळेच्या पुस्तकासाठी अंगावरचा कोट विकतो, भर थंडीत. तुमच्या कॉलनीतल्या पोरांना हे समजेल. त्यांच्या आयांना जास्त समजेल.

रंगीत, गोडगोड पिनोकिओ आहेच की, डिस्नेचं कार्टून, 1940 पासून. त्यात भूक नाही.

प्रतापनगरची ताई:
दादा, तुमचं वाचून मी फाशीचा तुकडा काढण्याचा विचार सोडून दिला. कमिटीलाही हेच वाचायला पाठवलं आहे. आता भाषेचं आणि लांबीचं राहिलं. सिनेमा दोन तास पाच मिनिटांचा आहे, मुलं सकाळपासून बैल ओढून दमलेली असतील. इंग्रजीत डब केलेलाही मिळतो, पण सहा वर्षांच्या मुलांना त्याचाही उपयोग नाही.

धरमपेठेतली निवृत्त शिक्षिका:
इंग्रजी डब लावू नका. आवाज इटालियनच राहू द्या आणि कोणीतरी मोठ्याने मराठीत सांगत जा. मी शाळेत वर्षानुवर्षे असं करत आले आहे. सगळी वाक्यं सांगायची नाहीत. प्रसंग सुरू होण्याआधी दोन ओळी, मधे गरज लागली तर एखादी, बस. मुलं चेहरे वाचतात. या सिनेमात तर चेहरे आणि दारिओ मारियानेल्लीचं संगीत इतकं बोलतं की खूप कमी सांगावं लागतं.

मध्यंतर न्यायाधीशाच्या प्रसंगानंतर घ्या. पाच सोन्याची नाणी कोल्हा आणि मांजर लुबाडून नेतात, पिनोकिओ कोर्टात दाद मागायला जातो, आणि गोरिला न्यायाधीश लुटल्या गेलेल्यालाच शिक्षा देतो. मग पिनोकिओ ‘मीही चोऱ्या केल्या आहेत’ असं सांगतो आणि सुटतो! मुलं इथं एकदम ओरडतात, ‘असं कसं?’ त्यांना बाहेर येऊन ते बोलायचं असतं. तेव्हाच चिवडा आणि सरबत द्या. दहा-बारा वर्षांच्या मुलांना हा प्रसंग सगळ्यात जास्त आवडेल, हे मी खात्रीने सांगते.

कार्टून की हा सिनेमा, एवढ्यावर थांबू नका. मोठ्या मुलांच्या पालकांना एक सांगते. लुइजी कोमेनचिनी यांनी 1972 साली इटलीच्या दूरदर्शनसाठी मालिका केली होती, नीनो मान्फ्रेदी जेपेट्टो आणि जीना लोलोब्रिजिदा परी. त्यात पिनोकिओ बराच वेळ खऱ्या मुलाच्या रूपात दिसतो, वाईट वागला की लाकडाचा होतो. ती कल्पना मला फार सुंदर वाटते. बेनिनीने 2002 साली स्वतःच पिनोकिओची भूमिका केली होती, पन्नाशीला आलेल्या माणसाने. तो सिनेमा मला मुळीच भावला नाही, लाकडी पोराचा निरागसपणा त्यात कुठे दिसला नाही. पण जेपेट्टो म्हणून तोच माणूस काळजात उतरतो. वय झालं, आवाज खाली आला, आणि बाप दिसू लागला.

इतवारीतला सुतार:
आमच्या घरी तान्ह्या पोळ्याचे बैल होतात. वडील करत होते, आता मी अन् माझा भाऊ. म्हणून दोन शब्द.

सिनेमात जेपेट्टो लाकडातून पोरगं काढतो ते पोरांना नीट पाहू द्या, त्या वेळी कोणी बोलू नका. पुस्तकात तर डोळे कोरून झाले की ते त्याच्याकडे रोखून पाहतात, नाक कोरलं की वाढत जाते, तो कापते तरी वाढते. आमच्याकडे उलटं असते. बैलाचे डोळे आम्ही सगळ्यात शेवटी काढतो. आधी सागवानाचा तुकडा घ्यायचा, वाकसानं ढोबळ आकार, मग पटाशी, मग कानस, पॉलिश पेपर. पाय बसवायचे, चाकं लावायची, रंग द्यायचा. मग डोळे. डोळे काढले की तो बैल विकायचा झाला. त्याच्या आधी कोणी मागितला तरी बाबा देत नव्हते.

ताई, सिनेमाच्या आधी अर्धा तास मिळाला तर मी येतो. अर्धा झालेला बैल अन् हत्यारं आणतो, पोरांना हात लावून पाहू देईन. धार लावलेलं काही त्यांच्या हाती देणार नाही. ओल्या अन् सुकलेल्या लाकडाचा वास वेगळा असते, तेवढं तरी त्यांना कळेल.

प्रतापनगरची ताई:
दादा, नक्की या! पाच वाजता स्पर्धा संपते, साडेपाचला तुमचं, सहाला सिनेमा. मॅडम, मराठीत सांगायला तुम्हीच याल का? आणि महालच्या दादांना एक विचारते. मुलांना लाकडी नाकं लावून बसायचं आहे. आजच चौघांनी विचारलं. गोंदानं चिकटवायची का?

महालचा रंगभूषावाला:
अजिबात नाही. आमचा रंगभूषेचा गोंद, स्पिरिट गम, लहान पोरांच्या कातडीला लावू नका, लाल चट्टे येतात अन् काढताना रडारड होते. कागदाचा लगदा करा, जुने पेपर रात्रभर भिजवून, कुटून, त्यात मैद्याची खळ. बोटाएवढी निमुळती नाकं वळा अन् दोन दिवस उन्हात वाळवा. पोळ्याच्या दिवसांत ऊन नसलं तर पंख्याखाली तीन दिवस धरा. श्वासासाठी खालून दोन मोठी भोकं ठेवा, कडेला छोटी भोकं पाडून इलॅस्टिक ओवा, डोक्यामागून जाईल असं. रंग पिवळसर तपकिरी, त्यावर सुकलेल्या ब्रशनं गडद रेघा उभ्या ओढा म्हणजे लाकूड वाटेल. सहा वर्षांच्या पोरांची लांबी दोन इंचांच्या वर नेऊ नका, अंधारात शेजारच्याच्या डोळ्याला लागते. शनिवारी दुपारी मी मोकळा आहे. लगदा भिजवून ठेवा, वळायला येतो.