ऊस-श्रेडरच्या हॅमरला हार्ड क्रोम चालेल का?

चिंचोळीचा_वेल्डर: चिंचोळी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. गाळप संपलं, माळशिरसकडच्या एका साखर कारखान्याचे श्रेडर हॅमर, म्हणजे ऊस कुटून बारीक करणारे हातोडे, दुरुस्तीला आलेत. मारणारी धार पार गोल झालीय. स्टोअरवाले म्हणतात, हार्ड क्रोम (क्रोमियमचा कडक मुलामा) मारून द्या, चकाचक दिसेल. माल साधा एमएस (माइल्ड स्टील, मऊ पोलाद) आहे. करू का?

जुना_मिल_फिटर: नका करू, मालक. क्रोम वाईट नाही. जॅकच्या रॉडला, प्लंजरला त्याच्यासारखं काही नाही, पण तिथं नुसतं घासणं असतं. इथं मार पडतो. क्रोमचा थर बहुतेक वेळा मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याच्या आतच, आणि खाली मऊ एमएस. दणका बसला की खालचं दबतं, वरचं पापुद्रे होऊन उडतं.

शिवाय खरा वैरी ऊस नव्हे, उसाबरोबर आलेली वाळू. कडकपणा विकर्समध्ये मोजतात; वाळूतलं क्वार्ट्झ साधारण ११०० विकर्स, हार्ड क्रोम ८५० ते १०००. कोण कुणाला खाणार, तुम्हीच बघा. पाऊस लांबला आणि चिखलातला ऊस आला, की त्या वर्षी हॅमर लवकर झिजलेच समजा.

क्रोमियम कार्बाइडच्या हार्डफेसिंग रॉडनं (कडक थर चढवायचा वेल्डिंग रॉड) भर घाला. त्यातलं कार्बाइड १५०० विकर्सच्या आसपास असतं, वाळूला पुरून उरतं. जुनी भर राहिली असेल तर ग्राइंडरनं काढा. झीज खोल असेल तर आधी साध्या रॉडनं आकार भरून घ्या. वर हार्डफेसिंगचे दोन थर, फार तर तीन. हावरेपणानं चढवत गेलात तर अख्खी ढलपी निघते. आणि एक्झॉस्ट लावा हो, त्या धुरात विषारी क्रोमियम असतं.

चिंचोळीचा_वेल्डर: एकावर करून बघितलं. गार होताना टणटण वाजलं आणि आडवे तडे गेले! हे परत पाठवतील की ओ.

जुना_मिल_फिटर: जाऊ द्यात. हा माल ठिसूळ, ताण तड्यांतूनच सुटतो. बीडला (वेल्डच्या पट्टीला) आडवे, केसासारखे असतील तर बिनधास्त द्या. तडा बीडच्या कडेनं, खालच्या लोखंडाच्या जोडालगत पळत असेल तर मात्र ती भर काढून पुन्हा घाला. स्टोअरवाल्यांना आधीच सांगा, चलनावर लिहिलंत तर उत्तम.

शिफ्ट_इंजिनियर: भर घातल्यावर हॅमर काट्यावर घ्या. समोरासमोर बसणाऱ्यांची वजनं जुळली नाहीत तर रोटर (हॅमर बसवलेला फिरता भाग) थरथरतो, बेअरिंग जातं. जोडीचे नंबर पंचनं टाका. खडूचे नंबर ट्रकमध्येच पुसतात.