मदत हवी आहे: ज्वारी-तूर आंतरपीक, तुरीच्या मुळांवरच्या गाठी पांढऱ्या आणि ज्वारी पिवळी

ज्वारीच्या चार ओळी, तुरीच्या दोन. पेरून ३० दिवस झाले. दोन्ही बियाण्यांना रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देणारे जिवाणू) लावलं, त्याच घमेल्यात थायरम हे बुरशीनाशकही कालवलं. पेरणीच्या आठ दिवस आधी शेणखत पसरलं होतं, पण ते अर्धवट कुजलेलं. युरिया पेरतानाच सरसकट दिला. आता तूर उपटून पाहिली तर गाठी मोजक्याच, आतून पांढऱ्या. ज्वारीची खालची पानं टोकाकडून पिवळी पडतायत. काय करावं?

प्रतिसाद १
पिवळेपणा नत्राच्या कमतरतेचा दिसतो. कच्चं खत कुजवताना जिवाणू जमिनीतलाच नत्र ओढून घेतात, त्यात ज्वारी उपाशी राहते. (कच्च्या खतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते ती वेगळीच.) ओल असताना युरियाचा हप्ता फक्त ज्वारीच्या ओळीलगत द्या आणि मातीआड करा. तुरीला नको, आयता नत्र मिळाला की ती गाठी धरत नाही. गाठ आतून गुलाबी असेल तरच ती काम करते.

प्रतिसाद २
खरी चूक घमेल्यात झाली. थायरमने जिवाणू मारले असणार. शिवाय रायझोबियम ज्वारीच्या मुळांवर गाठी करत नाही. तिला ॲझोस्पिरिलम किंवा ॲझोटोबॅक्टर लागतं, हे जिवाणू गाठी न करता नत्र देतात. तुरीला तुरीचंच रायझोबियम घ्या, सोयाबीनचं पाकीट चालत नाही. पीएसबी (जमिनीतलं स्फुरद विरघळवणारे जिवाणू) दोघांनाही. प्रत्येक कल्चर (पाकिटातलं जिवाणू खत) किलो बियाण्याला २५ ग्रॅम. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करा, त्यात कल्चर कालवा, बियाणं ओलसर होईल एवढंच चोळा, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचंच असेल तर ते आधी, कल्चर सगळ्यात शेवटी. त्यापेक्षा ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) बरा.

धागाकर्ता
उभ्या पिकात आता जिवाणू खत देता येईल का?

प्रतिसाद २
पीएसबी आणि ॲझोस्पिरिलम द्या: हेक्टरी प्रत्येकी २ किलो, २५ किलो चाळलेलं कुजकं शेणखत आणि तेवढीच माती यांत मिसळून, ओलीवर, ओळीलगत. युरियात कालवू नका, आठवडाभराचं अंतर ठेवा. रायझोबियम उशिरा दिलं तर नव्या मुळांवर थोड्या गाठी येतील, पेरणीवेळचा फायदा मात्र मिळणार नाही.

प्रतिसाद १
आणि झाड उपटून गाठी मोजू नका, निम्म्या मातीतच तुटतात. कुदळीने मातीच्या ढेकळासकट काढा, बादलीत भिजवा, मग पाहा. कदाचित वाटतं त्याहून जास्त निघतील.