नाचणीचं लोह-कॅल्शियम तपासायला रॅट घेऊ की गिनीपिग?

नाचणी_एमएस्सी: माझा विषय आहे साधी नाचणी विरुद्ध मोड आणलेली नाचणी, कशातलं लोह आणि कॅल्शियम जास्त शोषलं जातं. नाचणीत 100 ग्रॅमला 350 मिग्रॅच्या आसपास कॅल्शियम असतं पण फायटेट (धान्यातलंच एक संयुग, जे खनिजांना बांधून ठेवतं) ते अडवून धरतं, मोड आणले की फायटेट कमी होतं, म्हणून मला मोठा फरक अपेक्षित होता. पण पायलटमध्ये (आधीच्या छोट्या चाचणीत) विस्टार रॅटच्या (प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांच्या) दोन्ही गटांत लोह जवळपास सारखंच आलं. प्राणी बदलू का?

जुना_न्यूट्रिशनवाला: अहो फरक दिसणं अवघडच आहे, रॅटच्या आतड्यात स्वतःचं फायटेज (फायटेट तोडणारं एन्झाइम) भरपूर असतं, माणसाच्या साधारण 30 पट, म्हणजे तुम्ही मोड आणून जे काम करताय त्यातलं बरंचसं तो स्वतःच उरकतो. चहा, मांस, लिंबाचं सी व्हिटॅमिन, यांनी माणसात लोहाचं शोषण चांगलंच खालीवर होतं, रॅटमध्ये फारसं हलत नाही. त्यामुळे रॅटचे आकडे बघून ‘माणसाच्या अंगी नाचणीतलं लोह लागतं’ असं थिसिसमध्ये कृपया लिहू नका, हे मी फार कळकळीने सांगतोय. लोहासाठी काको-2 पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या, माणसाच्या आतड्यासारख्या पेशी) टेस्ट करता आली तर बघा.

घरात_दोन_गिनीपिग: गिनीपिग घेणार असाल तर कॅल्शियमचा हिशोब वेगळा लागेल. रॅट जास्तीचं कॅल्शियम मुख्यतः लेंड्यांतून टाकतो, गिनीपिग बरंचसं शोषून घेतो आणि मग लघवीवाटे काढतो. म्हणून तर मोठ्या गिनीपिगला रोज लसूणघास दिला की लघवी पांढरी खडूसारखी होते आणि खडे व्हायची भीती असते, साधं वाळलं गवत बरं. नुसत्या लेंड्या तपासल्यात तर सगळं अंगी लागलं असंच वाटेल, लघवीपण गोळा करा. आणि त्याला सी व्हिटॅमिन शरीरात बनवता येत नाही, आहारातूनच द्यावं लागतं, तेव्हा ते सगळ्या गटांना सारखंच द्या नाहीतर लोहाचा निकाल परत गडबडेल.

नाचणी_एमएस्सी: हे कोणीच सांगितलं नव्हतं, खूप आभार 🙏 हॅमस्टर कसा राहील?

जुना_न्यूट्रिशनवाला: नको, त्याच्या जठराला पुढे वेगळा कप्पा असतो, तिथे जंतू अन्न आंबवतात आणि फायटेटही तोडतात, म्हणजे फायटेटचा घोळ परत आलाच. कॅल्शियमसाठी रॅटच ठेवा, पण दोन्ही आहारांत फॉस्फरस आणि डी व्हिटॅमिन सारखं करून घ्या. जाळीचा तळ असला तरी रॅट स्वतःची लेंडी खातो हे धरून चाला. पुढेमागे झिंकपण मोजणार असाल तर गॅल्व्हनाइज्ड (झिंकचा मुलामा दिलेले) पिंजरे आधी बदला, रॅट ते चाटतात आणि झिंक तिथूनच पोटात जातं, स्टेनलेस स्टीलचे मागवा आणि पाणी डीआयोनाइज्ड (क्षार काढलेलं) द्या.