पहिलीच परदेशी ऑर्डर: सीआयएफ भाव आणि ६० दिवसांची उधारी, हो म्हणू का?

नवी_निर्यातदार
आमच्याकडे पंपांचे सुटे भाग बनतात. परदेशातून पहिली ऑर्डर आली आहे, एक कंटेनर. खरेदीदार म्हणतो सीआयएफ भाव (मालाची किंमत, विमा आणि जहाजाचं भाडं धरून) द्या, पैसे माल चढल्यापासून ६० दिवसांनी. सीआयएफ म्हणजे त्यांच्या बंदरात पोचेपर्यंत जबाबदारी माझीच ना? बँकवाले म्हणतात एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची लेखी हमी) मागा. आनंद झालाय, पण झोप उडाली आहे.

जहाजी_कागद
ताई, अभिनंदन. बावीस वर्षं शिपिंगची कागदपत्रं करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

सीआयएफमध्ये भाडं आणि विमा तुम्ही भरायचा, पण माल तुमच्या बंदरात जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची. वाटेत डबा समुद्रात गेला तर नुकसान त्यांचं, विम्याचा दावाही त्यांनीच करायचा. आता तुमचा माल कंटेनरचा. डबा तुम्ही यार्डात सोपवणार, तो जहाजावर चढणार काही दिवसांनी. तेवढे दिवस माल तुमच्या हातात नाही आणि जोखीम मात्र तुमची. म्हणून कंटेनरला सीआयपी बरं, तोही भाडं आणि विमा धरूनचाच भाव: पहिल्या वाहतूकदाराच्या ताब्यात दिलात की तुम्ही मोकळ्या. विमा मात्र जास्त व्यापक लागतो, तो खर्च भावात धरा. सीआयएफ, सीआयपी अशा अटींचे अर्थ इन्कोटर्म्स या आंतरराष्ट्रीय नियमावलीत ठरलेले असतात, म्हणून करारात ‘इन्कोटर्म्स २०२०’ असं वर्षासकट लिहा, ठिकाणाचं नावही.

६० दिवसांच्या उधारीवर पहिल्याच व्यवहारात माल पाठवू नका, ही माझी कळकळीची विनंती. बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती, ती दाखवून माल सोडवतात) त्यांच्या हाती गेलं की माल गेला. मुदत हवीच असेल तर ६० दिवसांची एलसी द्या म्हणावं. मग देणं त्यांच्या बँकेवर येतं.

नवी_निर्यातदार
म्हणजे एलसी आली की पैसे पक्के?

जहाजी_कागद
कागद बिनचूक असतील तरच. यूसीपी ६०० (एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम) प्रमाणे बँक माल बघत नाही, फक्त कागद बघते. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत पॅकिंग लिस्टवरचं वजन आणि बिल ऑफ लेडिंगवरचं वजन यांत ४० किलोंचा फरक पडला. माल उत्तम होता. बँकेने डिस्क्रेपन्सी, म्हणजे कागदांतली विसंगती, काढली, तेवढ्यात बाजारभाव उतरला होता, आणि खरेदीदार म्हणाला ८ टक्के सूट द्या, नाहीतर कागद सोडवत नाही. डबा परक्या बंदरात उभा, डेमरेज (डबा अडकून राहिल्याचा दंड) रोज वाढतंय. सूट दिली. चूक माझ्या टेबलावरची होती, आजही टोचते.

म्हणून एलसी उघडण्याआधी तिचा मसुदा मागवा. तुम्हाला मिळवता येणार नाही असा एखादा दाखला त्यात मागितला असेल तर तेव्हाच काढायला लावा. एलसीत वेगळं काही नसेल तर माल चढल्यापासून २१ दिवसांत कागद बँकेत द्यावे लागतात, तेही एलसीची मुदत संपायच्या आत. त्यांच्या बँकेची खात्री नसेल तर तुमच्या देशातल्या बँकेचं कन्फर्मेशन, म्हणजे तिचीही पैशांची हमी, घ्या. पैसे लागतात, पण पहिल्या वेळी द्यावेत.

लवाद_वाचक
एक भर. करारात लवादाचं कलम घाला: कुठे, कोणत्या नियमांनी, कोणत्या भाषेत. आपल्या कोर्टाचा हुकूमनामा परदेशात बजावणं अवघड जातं. लवादाचा निवाडा मात्र १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे १७० हून अधिक देशांत अंमलात आणता येतो.

जहाजी_कागद
बरोबर. आणि ताई, एचएस कोडचे (कस्टम्ससाठी मालाचा वर्गीकरण क्रमांक) पहिले सहा अंक बहुतेक सगळीकडे सारखे असतात, पुढचे ज्या त्या देशाचे. पूर्ण कोड खरेदीदाराकडून लेखी घ्या, मगच इन्व्हॉइस करा. एलसीचा मसुदा आला की नावं झाकून इथे टाका, ओळ न ओळ वाचून देतो.