अमेरिकेची बास्केटबॉल खेळाडू कॅटलिन क्लार्क एकदम डब्ल्यूएनबीएत (तिथली बायकांची प्रोफेशनल लीग) कशी पोचली? भाची नववीत आहे, माहिती पाहिजे

लातूरचा_मामा
नमस्कार मंडळी. माझी भाची नववीला आहे, लातूरलाच, शाळेच्या बास्केटबॉल टीममधून विभागापर्यंत खेळून आलीय. सध्या तिला त्या कॅटलिन क्लार्कचं येड लागलंय, मोबाईलवर तिचेच व्हिडिओ आणि ग्राउंडवर गेली की अर्ध्या कोर्टावरून बॉल फेकायली, रिंगला पण लागत नाही. बहीण म्हणते फाउंडेशनचा क्लास बुडवायलीय, भाऊजी म्हणतात लातूरात राहून नीटची (डॉक्टरकीची) परीक्षा सोडून बॉल खेळणारी हीच एक. ही क्लार्क २२ व्या वर्षी एकदम पहिल्या नंबरनं प्रोफेशनल लीगमधी कशी गेली, आणि आपल्या पोरीनं त्यातलं घ्यावं काय? ज्ञान नको, माहिती द्या.

रात्रीचा_स्कोअरबोर्ड
एकदम कुठं हो मामा. ती आयोवा राज्यातली, लहानपणी पोरांच्या लीगमधी खेळली, मग चार वर्षं आयोवा युनिव्हर्सिटीकडून. तिथं ३,९५१ पॉइंट केले, डिव्हिजन वनमधी (तिथल्या कॉलेज खेळाचा सगळ्यात वरचा गट) पोरं-पोरी सगळे धरून सगळ्यात जास्त. पोरांमधल्या पीट मॅराविचचा ३,६६७ चा आकडा १९७० पासून तसाच होता, तो मार्च २०२४ ला मोडला. (त्याला तीनच वर्षं खेळायला मिळालं आणि तेव्हा थ्री-पॉइंटची, म्हणजे जिच्या बाहेरून टाकला की तीन पॉइंट मिळतात ती, लाइनच नव्हती, म्हातारे फॅन अजून यावरून भांडतात, आणि त्यांचं पण चूक नाही.)

एवढं करून कॉलेजचं नॅशनल टायटल एकदा पण नाही, २०२३ ची फायनल एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) कडून हारली, २०२४ ची साउथ कॅरोलिनाकडून. पण ती २०२४ ची फायनल अमेरिकेत सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी बघितली, पोरांच्या फायनलपेक्षा जास्त. कॉलेजात अजून एक वर्ष खेळायची मुभा होती तरी तिनं ड्राफ्टला नाव दिलं. ड्राफ्टमधी टीमा पाळीपाळीनं नवे खेळाडू उचलतात, पहिली पाळी इंडियाना फीव्हर या टीमची होती, त्यांनी हिला घेतलं.

पहाटेचं_ग्राउंड (संभाजीनगर)
मामा, मी युनिव्हर्सिटीला खेळलेय, आता सकाळी पोरींना शिकवते. व्हिडिओ बघू द्या पण तिला क्लार्कची लीगमधली पहिली मॅच दाखवा, १४ मे २०२४, कनेटिकट सन या टीमविरुद्ध. २० पॉइंट, आणि १० टर्नओव्हर, म्हणजे दहा वेळा बॉल हातचा घालवला. समोरच्या बाया चांगल्या मुरलेल्या, अंगाला अंग लावून अडवायल्या, कॉलेजात जो पास निघायचा तो इथं मधीच कापला जायचा. पहिल्या नऊ मॅचपैकी आठ हारले. तीच टीम शेवटी २० जिंकल्या २० हारल्या इथवर आली आणि २०१६ नंतर पहिल्यांदा प्लेऑफला (टायटलसाठीच्या बाद फेरीला) गेली. रील बनते लांबच्या शॉटची, पण त्या सीझनला तिनं ३३७ असिस्ट (ज्या पासवर पुढचीनं बास्केट केली ते) केले, तेव्हाचा लीगचा रेकॉर्ड, आणि जुलैत डॅलसविरुद्ध एकाच मॅचमधी १९, तो पण रेकॉर्ड. भाचीला म्हणावं शॉटकडं बघू नको, पास सुटायच्या आधी हिची मान कुठं वळते ते बघ.

आणि एक काम करा, शाळेतला बॉल हातात घेऊन त्यावरचा नंबर वाचा. पोरींचा बॉल सहा नंबर असतो, पोरांचा सात, घेरानं इंचभर मोठा आणि जड. बऱ्याच शाळांत एकच सातचा बॉल सगळ्यांना, मग पोरगी ताकद पुरत नाही म्हणून खांद्याच्या मागून भिरकावते, कोपर बाहेर जातं आणि ती सवय नंतर मोडता मोडत नाही. आधी रिंगपासून चार पावलांवरून, गुडघ्यातून जोर काढून. थ्री-पॉइंटची लाइन ६.७५ मीटरवर आहे, ती कुठं पळून जात नाही.

हिशोबी_परभणीकर
सगळं बरोबर आहे ताई पण पैशाचं पण बोला की. एवढी मोठी स्टार, पहिल्या वर्षीचा पगार ७६,५३५ डॉलर. त्याच्या आदल्या वर्षी पोरांच्या लीगच्या (एनबीए) ड्राफ्टमधी पहिला गेलेला वेम्बान्यामा, त्याला १ कोटी २० लाख डॉलरच्या वर. हिचं खरं उत्पन्न जाहिरातीतून. आणि आपल्याकडून कोण गेलं? केरळची गीतू अ‍ॅना जोस, तिनं २०११ ला तिकडं तीन टीमांना ट्रायल दिली, करार झाला नाही. भारतात बाईमाणूस बास्केटबॉलवर पोट भरते ती बहुतेक रेल्वेच्या नोकरीवर. पोरीच्या डोक्यात अमेरिका भरवू नका.

पहाटेचं_ग्राउंड
अमेरिका कोण भरवायलंय? पुण्याची शिरीन लिमये भारताची कॅप्टन झालीच ना. मामा, भाऊजींना सांगा की शालेय स्पर्धांची सर्टिफिकेटं जपून ठेवा, दहावीला ग्रेस मार्क मिळतात, पुढं सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दोन्हीच्या अटी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्या. आणि तुमच्या शेजारच्या धाराशिवची सारिका काळे, खो-खोला अर्जुन पुरस्कार, २०२०. भाऊजींना हे नाव माहीत असेलच.

लातूरचा_मामा
ताई, बॉल बघून आलो, सातच निघाला, आणि नंबर पण घासून घासून गेलेला, व्हॉल्वजवळ कसाबसा दिसला. सर म्हणले मंजुरी येईपर्यंत हाच. सहाचा मीच घेऊन देतो, पण आमचं कोर्ट सिमेंटचं आहे, रबरी घ्यावा का लेदरवाला?

पहाटेचं_ग्राउंड
रबरी. लेदरवाला सिमेंटवर महिन्यात सोलतो.