पन्नास-तीस-वीसचे गणित आणि बदलते वय
पगारातील 50 टक्के गरजांसाठी, 30 टक्के हौसेसाठी आणि 20 टक्के बचतीसाठी ठेवावेत, हा नेहमी सुचवला जाणारा नियम सुरुवातीला उपयोगी आहे. मात्र तो आयुष्यभर तसाच चालेल, हे मला पटत नाही. पहिल्या नोकरीत खोलीचे भाडे तिघांत वाटले जात असल्याने मला 35 टक्केही सहज बाजूला टाकता येत असत. (हौस म्हणजे शनिवारची मिसळ, एवढीच!) पुढे गृहकर्जाचा हप्ता, मुलीची शाळेची फी आणि आईची औषधे एकाच महिन्यात येऊ लागल्यावर गरजाच 70 टक्क्यांवर गेल्या, आणि त्या काळात बचतीचा आकडा 10 वर आला म्हणून स्वतःला दोष देण्यात अर्थ नव्हता.

शिवाय हे 20 टक्के कशाचे, तेही पाहावे. मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या 12 टक्के रक्कम भविष्य निर्वाह निधीत आधीच कापली जाते, त्यामुळे हातात येणाऱ्या पगारावर हिशेब मांडणाऱ्याची खरी बचत त्याला वाटते त्याहून जास्त असते. पन्नाशीनंतर हप्ता संपला की ती रक्कम घरखर्चात मुरू न देता त्याच तारखेला आवर्ती ठेवीकडे (दरमहा ठरावीक रक्कम भरायच्या ठेवीकडे) वळवावी. आम्ही तसेच केले.